उतरणाऱ्याचं नाव

संताजी धायगुडे सहसा कुणावर विश्वास ठेवत नसे. म्हशीनं दूध कमी दिलं की तो आधी म्हशीकडे बघे, मग धार काढणाऱ्या सखुबाईकडे, मग डेअरीवाल्याच्या मापाकडे आणि फिरून पुन्हा म्हशीकडे. त्यामुळे कार्तिकातल्या त्या सकाळी तो वरच्या वावराला बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालत होता आणि सुनेच्या मागोमाग एक चष्मेवाली बाई बांधावरून येताना दिसली, तेव्हा त्यानं हातातला कोयता खाली ठेवला नाही.

महूच्या पुढे डांबरी सडक संपते, मग मुरमाची संपते आणि मग माळवाच संपतो. कुंडीखेडा त्या कडेवर वसलेलं आहे. गावातल्या शेवटच्या घरामागून एक वाट निघते, संताजीच्या वरच्या वावराच्या कडेनं जाते आणि सागाच्या जंगलातून घाट उतरून थेट निमाडात पोचते. बैलउतार म्हणतात तिला. पूर्वी तिथून धान्याचे बैल उतरायचे. आता इंदुरातले लोक उतरतात, पाठीवर बोजा घेऊन, जंगलात मुक्काम करत करत, हौसेनं.

ते शेवटचं घर संताजीचं. होळकरांच्या वेळची घाटाची चौकी म्हणजे तेच. उतरणारे आदल्या दिवशी त्याच्या ओट्यावर पथारी टाकत, सखुबाईच्या हातची मक्याची भाकरी खात आणि जाताना खुशीनं काहीबाही ठेवून जात. शेतीला त्याचाच टेकू होता. पहिल्या वळणाखाली एक कुंड होतं. उन्हाळ्यात गावचे हापसे कोरडे पडले तरी त्यात पाणी राही आणि संताजीच्या म्हशी तिथंच जात. वाट गेली तर म्हशी गेल्या, पाहुणे गेले, आणि मग उरलेल्या मुरमाड तुकड्यावर घर चालवणं कठीण होतं. संताजीचा सगळा जीव त्या वाटेत अडकलेला होता तो असा.

"बाबा, या देवयानी मॅडम," सून मिताली म्हणाली. "तुकोगंजला राहतात. कॉलेजात शिकवतात."

"मग इथं काय शिकवायला आल्या?"

मिताली ओशाळली. बाई मात्र हसल्या. काटा लागून फाटलेली ओढणी सोडवत म्हणाल्या, "धायगुडेजी, एक छोटंसं काम है. आता बैलउतारावर जायचं असेल तर आधी रजिस्ट्रेशन करावं लागेल. फॉरेस्टवाल्यांचा नवा नियम है. नाव, पत्ता, किती जण, कुठं मुक्काम. एका दिवशी एकच टोळी. मागल्या साली बघितलं ना, काय हाल केले वाटेचे? जागोजाग शेकोट्या, बाटल्या, मोटरसायकली घेऊन उतरले लोक."

"बघितलं. मग?"

"लोक नाव नोंदवून तुमच्याकडे येतील. तुम्ही फक्त मोबाइलवर ते नाव बघायचं, माणूस विचारून खात्री करायची आणि 'आले' म्हणून लावायचं. ज्यानं रजिस्ट्रेशन केलं नसेल, त्याला परत पाठवायचं. मितालीला मी सगळं शिकवलंय. चौकी तर पहलेपासून तुमचीच है, तर आम्हाला वाटलं, तुमच्याशिवाय कोण करणार?"

'आम्हाला' म्हणजे नक्की कुणाला, हे संताजीला विचारायचं होतं. पण त्यानं वाटेच्या पलीकडे बघितलं. तिकडचं वावर त्याच्या चुलतभावाचं, प्रतापरावाचं. म्हणजे कालपरवापर्यंत होतं. आता ते इंदूरच्या प्लॉट पाडणाऱ्यांना गेलं होतं आणि त्यात चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. फार्महाउस होणार होती. नावं विचारायची, मग गेट बसवायचं, मग तिकीट लावायचं आणि मग मूळ मालकाला त्या गेटाच्या बाहेर उभं करायचं, हा सगळा प्रकार त्याला लख्ख दिसला. शिकलेली गोड बोलणारी बाई पुढे धाडली, की मागून प्रतापराव येणार.

"आमच्या चौकीवर नाव विचारत नाहीत," तो म्हणाला आणि काठीच्या बेळक्यानं काट्यांची फांदी उचलून कुंपणात दाबू लागला.

हे त्यानं तोंडाला येईल ते सांगितलं नव्हतं. धायगुड्यांच्या घरातली ती रीत होती. कुठल्याशा लढाईत मोड झाल्यावर होळकरांचे शिपाई या घाटानं खाली निसटले आणि दुसऱ्या दिवशी गोरा साहेब चौकीवर आला, असं घरात सांगत. कोण कोण उतरलं, नावं सांग, म्हणून त्यानं संताजीच्या खापरपणज्याला चिंचेला बांधून फोडून काढलं. पाठीची सालटी निघाली, पण म्हातारा बोलला नाही. मरताना त्यानं पोरांना बजावलं, की इथून पुढं उतरणाऱ्याला नावच विचारू नका, म्हणजे सांगायची पाळी येणार नाही. वर चढून येणाऱ्याला विचारलं तर चालेल, उतरणाऱ्याला नाही. तेव्हापासून घरचा पुरुष उतरणाऱ्याला 'पाव्हणं' एवढंच म्हणे, गूळपाणी देई आणि वाट दाखवी. आताचे पाव्हणे निमाडात उतरून बसनं इंदूरला परत जात. वर चढून कुणी येतच नसे. म्हणून संताजीला आयुष्यात एकाही पाव्हण्याचं नाव माहीत नव्हतं, आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

चार दिवसांनी वनखात्याचा माणूस येऊन दारच्या लिंबाला नोंदणीच्या नियमाचा पत्र्याचा हिरवा बोर्ड ठोकून गेला. त्याची पाठ वळताच संताजीनं बोर्ड काढला आणि पारडाच्या कोंडीला दार म्हणून लावला. कोंडीला किती दिवसांपासून दार हवंच होतं.

मग पाव्हणे येऊ लागले. जे नाव नोंदवून येत, ते मोबाइल पुढे धरत. संताजी मोबाइलाकडे बघतही नसे. मितालीला त्यानं ताकीदच दिली होती.

"ते आले-बिले काही लावायचं नाही. या घरातून कुणाचं नाव बाहेर गेलं, तर मला खपायचं नाही."

"बाबा, पण त्यांनी नाव तर आधीच दिलंय! अपनको बस्स एक बटन दाबायचंय. नाही दाबलं तर तिकडे ती माणसं आलीच नाहीत असं दिसतं. त्यांचं कॅन्सल होतं."

"होऊ दे. खाली उतरायला बटन लागत नाही, पाय लागतात."

नोंदवून आलेल्यांना हे बघून वैताग येई. काही परत गेले, काही तसेच उतरले. पण इंदुरात बोलबाला झाला, की कुंडीखेड्याच्या चौकीवर एक म्हातारा आहे, तो काही म्हणजे काही विचारत नाही. मग काय विचारता! ज्यांना नोंदणीची कटकट नको होती, ते सगळे तिथंच लोटले. एका दिवशी एक टोळी कुठली, ओट्यावर पथारी टाकायला जागा उरेना. सखुबाई भाकरी थापून थापून वाकली. तिच्या मनगटाचे सांधे सुजले, ती तिथं चिंध्या बांधून पीठ मळू लागली.

त्यातच एक डॉक्टर आला. महूपासून नव्या बुटात चालत आला होता आणि टाचांना लिंबाएवढाले फोड आले होते. ओट्यावर बसून तो लहान पोरासारखा रडला. सखुबाईनं त्याचे पाय मिठाच्या गरम पाण्यात घातले, फोड बाभळीच्या काट्यानं फोडले आणि करंजाचं तेल लावून धडपा बांधला. इतक्या आपुलकीनं, की संताजीला राग आला.

डॉक्टरला बरं वाटल्यावर तो लंगडत लंगडत वाटेवर हिंडला. मोबाइलवर फोटो काढू लागला. चुन्याच्या रेघांचे काढले, संताजीच्या कुंपणाचे काढले.

"काका, ही बीचवाली पट्टी कुणाची?"

"का?"

"असंच. लोकेशन एकदम मस्त है ना, भिया. इथं तर एखादं कॉटेज..."

संताजीनं त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हैस सुटली असं म्हणून तो निघून गेला. त्या दिवशी तो सखुबाईला म्हणाला, "तो डॉक्टर-बिक्टर काही नाही. प्लॉटवाल्यांचा माणूस आहे. मोजणी करायला आलाय."

"टाचा फोडून घेऊन?" सखुबाई म्हणाली. "तुमचं म्हणजे ना! गुडघ्यासाठी दवाखान्यात या म्हणाला मला. तुकोगंजला आहे, गिरजाघराच्या मागच्या गल्लीत."

"बघ. पत्ता दिला. आता घर मागेल."

सखुबाईनं कपाळाला हात लावला आणि चुलीत फुंकर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बांधलेल्या टाचांनीच घाट उतरून गेला.

पुसात थंडी मुरली. मितालीचं वागणं संताजीला दिवसेंदिवस संशयास्पद वाटू लागलं. ती मोबाइल घेऊन घराच्या धाब्यावर चढे, तिथंच काय ते नेटवर्क लागे, आणि हळू आवाजात बोले. संताजी आला की गप्प बसे. एकदा तो शिडीखाली उभा राहून ऐकू लागला. "हो ना, बाबांना अजून सांगितलं नाही... जमीन की बात निकली तो घर में..." एवढंच ऐकू आलं आणि ती खाली उतरली. सासऱ्याला शिडीला टेकलेलं बघून तिचा चेहरा उतरला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"अंकुरशी." अंकुर म्हणजे तिचा नवरा, संताजीचा मुलगा. पिथमपूरच्या कारखान्यात होता, रविवारी घरी येई.

"अंकुरशी जमिनीचं काय बोलायचंय तुला? प्रतापरावानं काय देऊ केलंय?"

मिताली बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले. "बाबा, आम्ही पिथमपूरला खोली बघतोय. मी तिकडे शिवणकाम करीन. त्यालाच म्हणत होते, की आम्ही जातो म्हटलं आणि जमिनीचा विषय निघाला, तर बाबांना वाटेल, आम्ही वाटणी मागतोय. हे बघा, हेच वाटलं तुम्हाला." तिनं मोबाइल त्याच्या हातात कोंबला. "घ्या, ऐका ना. सगळं ऐका."

संताजीला मोबाइल चालवता येत नव्हता. तो तसाच हातात धरून उभा राहिला. सखुबाई दारात येऊन म्हणाली, "आता सुनेच्या तोंडचं ऐकायला शिडीखाली उभं राहायचं का? शरम वाटू दे जरा." पुढच्या रविवारी मिताली अंकुरबरोबर पिथमपूरला गेली. भांडण करून नाही, पाया पडून गेली. संताजीला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. तो दिवसभर काट्या तोडत राहिला आणि हात रक्ताळून घेतले.

दुसऱ्या दिवशी म्हशी कुंडावर नेल्या, तर मोठी म्हैस पाण्याला तोंड लावीना. तिनं नाक फुरफुरवलं आणि मागं सरली. संताजी खाली वाकला. पाण्यावर तेलाची साय होती. कुणी भांडी विसळली होती, साबण लावला होता. कडेच्या खडकांत ओल्या कागदाचे चोथे आणि न सांगण्यासारखी घाण. धावड्याची एक बुंध्याएवढी फांदी तोडून शेकोटी केली होती, ती अजून धुमसत होती. घाट उतरत पार खालच्या वळणापर्यंत तो गेला. सगळीकडे तेच. वाट रुंदावून रुंदावून तिच्या तीन वाटा झाल्या होत्या आणि मधली माती उघडी पडली होती.

हे सगळे त्याचेच पाव्हणे होते. त्यानं गूळपाणी देऊन उतरवले होते. कुंडावर परतल्यावर गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून तो डहाळीनं साय बाजूला सारू लागला आणि रागानं स्वतःशीच बडबडू लागला. पण शिव्या नेमक्या कुणाला घालाव्या, हे त्याला समजेना. देवयानीबाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं, हे कबूल करणं जिवावर आलं होतं.

आणि माघाच्या सुरुवातीला पलीकडे ट्रॉलीभर दगड येऊन पडले.

प्रतापराव स्वतः ट्रॅक्टरवर बसून आला होता. पांढरा स्वच्छ पायजमा, डोळ्याला काळा चष्मा. "दादा," तो म्हणाला, "पट्टी घेतोय आतमध्ये, प्लॉटवाल्यांना कबूल केलीय. भिंत घालायचीय. घाबरू नका, तुमच्या वावराला हात नाही लावत."

"पट्टी सामाईक आहे. वाट आहे ती."

"होती. आता कोण जातंय तिच्यावरून? तहसीलीत अर्ज दिलाय मी. नोटीस येईलच तुम्हाला."

"कोण जातंय? अरे, रोज माणसं जातात!"

प्रतापराव हसला. "कागदावर तर एक पण नाही गेला, दादा. मी बघून घेतलं आधी, मग अर्ज टाकला."

नोटीस आली. पंधरवड्यात नायब तहसीलदार जागेवर येऊन बघणार होते. संताजीनं लाज बाजूला ठेवून सखुबाईला मितालीला फोन करायला लावला, मितालीनं देवयानीबाईंना, आणि बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. ओट्यावर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच बोलल्या.

"धायगुडेजी, आम्ही घाट उतरणारे लोक रजिस्ट्रेशनसाठी फॉरेस्टवाल्यांच्या मागे लागलो, ते याच कामासाठी. लोक या वाटेनं जातात, याचा पुरावा म्हणून. मला प्लॉटवाल्यांची कुणकुण आधीच लागली होती, म्हणून तर मी पळत आले तुमच्याकडे."

"मग तेव्हा सांगायचं."

"तुम्ही ऐकून घेतलं असतं? कोयता हातात घेऊन बोलत होता माझ्याशी!" बाई खरोखर चिडल्या होत्या. "नोंदवून आलेल्यांना मी फोन करून बघितले, पण कॅन्सल असताना उतरलो म्हणायला कुणी तयार नाही. आता एकच होऊ शकतं. उतरलेल्यातला कुणी तरी तहसीलदारांसमोर येऊन सांगू दे, की मी गेलो होतो. एक माणूस आणा. नाव-पत्त्यासकट."

नाव-पत्त्यासकट! संताजीनं सखुबाईकडे बघितलं. सखुबाई म्हणाली, "डॉक्टर."

तो महूहून बसनं इंदूरला गेला. धुतलेला सदरा, डोक्याला पागोटं, हातात सखुबाईनं दिलेली तुपाची बरणी. गिरजाघराच्या मागच्या गल्लीत दवाखाना सापडला. काचेच्या दारावर नाव होतं: डॉ. ऋषभ दिघे. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एका पाव्हण्याचं नाव वाचलं. आत गेला, तर कुणी तरी चपला बाहेर काढायला लावल्या. बायकापोरांच्या मधे बाकावर बसून त्यानं सगळे पेशंट होईपर्यंत वाट पाहिली.

डॉक्टरनं त्याला बघितलं आणि ओळखलं. ओळखल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसलं. पण शेजारी टेबलाशी पेशंटची नावं लिहिणाऱ्या बाईंकडे बघून तो म्हणाला, "बोला काका, काय त्रास है?"

संताजीनं सांगितलं. वाट, भिंत, तहसीलदार. "तुम्ही फक्त येऊन सांगायचं, उतरलो होतो म्हणून."

"काका, तुमची काही तरी गलतफहमी झालीय. मी कधी गेलो नाही तिकडे."

"टाचा फोडल्या होत्या तुमच्या. माझ्या बायकोनं..."

"सॉरी. कुणी दुसरा असेल." मग आवाज खाली आणून, घाईघाईनं, "बिना रजिस्ट्रेशन गेल्यावर केस होते, माहीत है ना? माझं लायसन्स... प्लीज, काका. समझा करो."

संताजी उठला. तुपाची बरणी टेबलावर ठेवावी की परत न्यावी, हे त्याला ठरवता येईना. शेवटी ठेवली. बाहेर येऊन त्यानं चपला घातल्या. त्याला राग आला होता, पण त्याहून जास्त घृणा वाटत होती, आणि ती सगळी त्या डॉक्टरची नव्हती. त्या माणसाला नोंदणीशिवाय खाली कुणी सोडलं होतं?

घरी आल्यावर सखुबाईनं एवढंच विचारलं, "नाव तर कळलं ना त्याचं?"

"कळलं."

"मग सांगा साहेबांना. त्याची होईल केस, आपली वाट राहील."

"आपल्या घरात नाव..."

"तुमच्या खापरपणज्यानं शिपायांना वाचवलं," सखुबाई म्हणाली. तिनं परात आपटली. "तुम्ही कुणाला वाचवताय? बुटानं टाच सोलली म्हणून रडणाऱ्याला? माझ्या सासूनं याच कुंडाचं पाणी डोक्यावर वाहून तुम्हाला मोठं केलं. तिचं काहीच नाही का तुम्हाला?"

 ती बरोबर होती, आणि तरी त्याच्या तोंडून ते नाव निघेल असं त्याला वाटत नव्हतं.

स्थळपाहणीच्या दिवशी ऊन चढल्यावर जीप आली. नायब तहसीलदार तरुण बाई होती, बरोबर पटवारी आणि वनखात्याचे रेंजर. प्रतापराव आधीच हजर होता, खुर्च्या आणि थंड पेयाच्या बाटल्या घेऊन. देवयानीबाई आणि मिताली एका बाजूला उभ्या होत्या. मिताली सकाळीच पिथमपूरहून आली होती, कुणी न बोलावता. संताजीला तिच्याकडे बघवलं नाही.

तहसीलदार बाईंनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितली. "रास्ता तो दिख रहा है," त्या म्हणाल्या.

"मॅडमजी, वो तो इनकी भैंसें जाती हैं," प्रतापराव म्हणाला. "म्हशींसाठी मी बाजूनं गल्ली ठेवतो ना. पण आम रास्ता नाही है हा. रेंजर साहेबांना विचारा, या सीझनला किती लोक उतरले?"

रेंजरनं मोबाइल काढला आणि मान हलवली. "रिकॉर्ड में कोई नहीं, मॅडम."

बाई संताजीकडे वळल्या. "दादाजी, आप कह रहे हैं लोग जाते हैं. कोई एक नाम बताइए. एक भी चलेगा."

सखुबाईनं त्याच्या पाठीला बोट लावलं. संताजीला काचेच्या दारावरचं नाव अक्षरन् अक्षर दिसत होतं. उन्हानं पागोट्याखाली घाम आला. प्रतापरावानं बाटलीचं झाकण उघडलं आणि एक घोट घेतला.

"नाव नाही सांगणार," संताजी म्हणाला.

सखुबाईनं डोळे मिटले. प्रतापराव म्हणाला, "देखा मॅडमजी? है ही नहीं तो..."

"नाव नाही सांगणार, गुन्हा सांगतो," संताजी म्हणाला. त्याचा आवाज चढला. "माझा गुन्हा. या हंगामात जितके आले, तितके मी बिगर रजिस्ट्रेशनचे उतरवले. माझ्या ओट्यावर झोपले, माझ्या घरची भाकरी खाल्ली आणि या पट्टीवरून मी त्यांना खाली सोडलं. सरकारी बोर्ड मी काढला. नाव नोंदवून आले त्यांची पण नोंद मी होऊ दिली नाही, सुनेला दमदाटी केली. खाली जाऊन बघा. शेकोट्या मोजा, कुंडातली घाण बघा. माणसं गेल्याशिवाय घाण होते? हे सगळं लिहा. माझ्या नावावर लिहा."

 रेंजर पुढे आला. "समझ रहे हो, क्या बोल रहे हो? पंचनाम्यात गेलं तर पलटता येणार नाही."

"लिहा."

"झूठ बोल रहा है!" प्रतापराव ओरडला. "वाट वाचवायला बोलतोय!"

नायब तहसीलदार बाईंनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "अपने ऊपर केस लेने के लिए कौन झूठ बोलता है?" आणि पटवाऱ्याला म्हणाल्या, "रास्ता चालू है, लिखिए. दीवार नहीं बनेगी."

रेंजर, पटवारी आणि देवयानीबाई कुंडापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर रेंजरनं संताजीचा जबाब घेतला. वडिलांचं नाव, वय, राहणार. संताजीनं सगळं खणखणीत सांगितलं. सही केली. मग रेंजर पेन खिशाला लावत म्हणाला, आणि त्यालाही ते म्हणायला बरं वाटत नव्हतं, "दंडाचं ऊपर से ठरेल. पर नियम असा है, की जो बिना रजिस्ट्रेशन लोक सोडतो, त्याचा स्वतःचा प्रवेश बंद. आजपासून. घाट, कुंड, सगळं जंगल."

"किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद, दादा."

संताजीला आधी नीट समजलंच नाही. "आणि म्हशी?"

"भैंसें जा सकती हैं. घरचं दुसरं कुणी नेऊ दे."

प्रतापरावाचा ट्रॅक्टर दगड भरून माघारी गेला, तेव्हा गावातली माणसं बघायला आली होती. कुणी संताजीच्या पाठीवर थाप मारली. देवयानीबाईंनी हात जोडले. मिताली त्याच्या पाया पडली, तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी चुकलो गं." हे शब्द त्या घरात सासऱ्याच्या तोंडून सुनेनं पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीप्रमाणे म्हशी सोडल्या आणि पट्टीवरून निघाला. सखुबाई मागून चालत होती. गुडघे दुखत होते म्हणून तिनं काठी घेतली होती. घाटाच्या तोंडाशी, जिथं सागाची पहिली सावली पडते, तिथं संताजी थांबला. तिथं कुणी पहारेकरी नव्हता, गेट नव्हतं, बघणारंही कुणी नव्हतं. एक पाऊल टाकलं असतं, तर कुणाला कळलं नसतं.

मोठी म्हैस दोन पावलं उतरली आणि थांबून मागं बघू लागली. जन्मल्यापासून ती त्याच्या पुढे कधी गेली नव्हती.

"हिला डावीकडून घे," तो सखुबाईला म्हणाला. "खालच्या वळणावर दगड सुटलेत. आणि पाणी आधी तू बघ, मग तिला पाज. पारडाला खोलात जाऊ देऊ नको. तिकडे धावड्याखाली बसू नको, मुंग्या आहेत."

"बरं," सखुबाई म्हणाली. तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि काठी टेकत उतरू लागली.

"आणि सावकाश. घाई करू नको."

ती वळणाआड गेली, तरी तो वरून सांगत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की आता ऐकू जाणार नाही. तो तिथंच जमिनीवर बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि रडला. ऊन अंगावर येईपर्यंत तो बसून होता. मग सखुबाई चढून येईल तेव्हा दमलेली असेल, असं म्हणत उठला आणि चूल पेटवायला घराकडे निघाला.